मान खाली घालून

४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, मान कधी दुखते, कशाने दुखते ते रोज लिहीत जा. तर लिहिते. आज दुखली. सकाळी दुखली, दुपारी दुखली, आत्ता लिहितानाही दुखतेय. कशाने? दिवाळीभर बायकांच्या तोंडावर वाकून उभी होते, त्याने. यात लिहिण्यासारखं काय आहे, देव जाणे.

वही सायलीने दिली. भाऊबीजेला पुण्याहून आली होती. दिवसभर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसणारी माझी मुलगी मला सांगते, "आई, मोबाइल कमी बघ. सगळ्यांच्या माना त्यानेच जातात." मी मोबाइल बघते कधी? पंचवीस वर्षं मखमलाबाद नाक्यावर पार्लर चालवतेय. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा बोटांत, खाली कुणाची तरी भुवई, आणि माझी मान कोंबडीसारखी मागे-पुढे. सायलीची फी त्या मानेने भरलीय. पण हे बोलायचं नाही. बोललं की, "आई, तू लगेच चिडतेस."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गळ्याला पट्टा दिला, उशी पातळ घ्या म्हणाले. निघताना म्हणाले, "हाताला मुंग्या आल्या किंवा चालताना तोल गेला तर लगेच या." मुंग्या कुणाला येत नाहीत?

९ नोव्हेंबर, शनिवार

पट्टा लावून काम होत नाही. मान वाकत नाही तर भुवई दिसणार कशी? शिवाय येणारी प्रत्येक बाई खुर्चीत बसायच्या आधी विचारते, "अगं बाई, काय झालं? अपघात झाला का?" चौथ्या बाईनंतर पट्टा काढून ड्रॉवरमध्ये टाकला. पूजा बघत होती. पूजा माझ्याकडे अकरा वर्षं आहे, हात चांगला आहे, फक्त तोंडाने काही बोलत नाही. नुसती बघते.

घरी सासूबाईंनी ऐकवलंच. "आमी डोक्यावर भाजीची पाटी घिऊन रविवार कारंजापर्यंत पायी जायचो. आमची मान नाय मोडली कधी." बरोबर. फक्त आता कुणी मागून हाक मारली तर त्यांना अख्खं अंग वळवावं लागतं, तेवढं त्या सांगत नाहीत.

संध्याकाळी कपबशी फुटली. हल्ली कपांचे कान इतके बारीक करतात की बोटच घुसत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काल तुळशीचं लग्न झालं, आजपासून माणसांची सुरू. डिसेंबरअखेर सगळ्या नवऱ्या ठरलेल्या आहेत. आणि नेमकं आता फेशियलच्या खुर्चीत करंट यायला लागलाय. मी खाली वाकले की मानेपासून पाठीतून थेट पायापर्यंत झटका. गिऱ्हाइकाला बसला तर बोभाटा होईल, म्हणून मोतीराम वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावून सगळं बघितलं.

"ताई, खुर्चीला वायरच नाय हो."

"मग स्टीमरमधून येत असेल."

"स्टीमर बंद आहे."

"मग मला झटका कशाचा बसतो?"

"पूजाताईंना बसतो का?"

पूजा म्हणाली, "मला नाही बसत." म्हणजे मीच खोटी. मोतीराम तासभर भिंतीतलं अर्थिंग तपासत बसला, चहा पिऊन गेला. झटका आहे तिथेच आहे. रबरी चटई आणून टाकली खाली. तरी बसतोच.

हल्लीची कामाची माणसंच अशी. बघायचं नुसतं, सापडत काही नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दोऱ्याची रिळं बदलली. आधीच्या दोऱ्याला पीळच बसत नव्हता. आज बँकेतल्या मॅडमच्या भुवईवर कातडी निघाली, दोन थेंब रक्त आलं. माझ्या हातून! पंचवीस वर्षांत झालं नाही असलं. मी म्हटलं, दोरा खराब आलाय. त्या हसल्या, पण उठताना विचारलं, "पुढच्या वेळी पूजा असेल ना?"

हे आता रोजचं झालंय. बायका येतात, मी रिकामी उभी असते आणि त्या म्हणतात, "पूजाची वाट बघते." मी जेवायला घरी जाते तेव्हा तर पार्लर भरलेलं असतं म्हणे. परवा परत आले तर पूजा कुणाच्या तरी भुवयांना शेवटचा हात लावत होती आणि मला बघून गडबडली. काय समजायचं ते मी समजले. कॉलेज रोडच्या त्या मोठ्या सलूनवाल्यांनी तिला विचारलंय, हे मला बाहेरून कळलंय. जाताना माझी गिऱ्हाइकं बरोबर न्यायची तयारी चाललीय. अकरा वर्षं शिकवलं त्याचं फळ.

आणि गोळ्यांनी पित्त झालंय ते वेगळंच. झोप नाही. सारखं लघवीला जावं लागतं. डोकं मागून ठणकतं. एका मानेचं दुखणं, आणि सगळं शरीर रुसून बसलंय.

पेनही धड मिळत नाही. अक्षर बघा कसं झालंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज दिंडोरीच्या पुढे एका वस्तीवर जाऊन आलो. सासूबाईंच्या माहेरच्या कुणीतरी सांगितलेला माणूस. मान धरतो, एकदा इकडे, एकदा तिकडे, कट्ट आवाज आला की झालं, जन्माची मान मोकळी. आमचे हे, म्हणजे सोमनाथ, आधी नको म्हणत होते. "हॉस्पिटलला दाखवू ना." मी म्हटलं, सीझनमध्ये हॉस्पिटलला कोण जाईल? तपासण्यांतच महिना जायचा. तर निघालो गाडी काढून, शेवंतीची तोडणी टाकून.

पत्र्याच्या शेडखाली ही गर्दी. मळ्यातली माणसं, बायका, कुणी कंबर धरून, कुणी मान. नंबर लावून तासन्‌तास बसलो. आत काय चाललंय ते दारातून दिसत होतं. तो माणूस मागे उभा राहून हनुवटी धरायचा आणि असा हिसका द्यायचा की बघणाऱ्याचे डोळे मिटत. माझ्या पुढे एकच म्हातारी राहिली होती, तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस आला आणि सरळ आत गेला.

मी उठले. "ओ दादा, नंबर आहे इथे."

"माझं लगेच हाय ताई. ओळखीचा हाय मी."

"ओळख घरी. आम्ही काय द्राक्षं बघायला आलोय?"

मग तो बोलला, मी बोलले, त्या हाडं बसवणाऱ्याने आतून ओरडून सांगितलं, "ज्यांना घाई आसंल त्यांनी जावं." मला? सकाळपासून उपाशी बसलेल्या मला? मी म्हटलं, "ठेवा तुमची मान तुमच्यापाशी," आणि निघाले. सोमनाथ मागून पळत आले. गाडीत बसल्यावर बघते तर डाव्या पायात चप्पलच नाही. शेडपाशीच सुटून पडली होती, आणि मी तशीच खडीवरून चालत आले. नव्या चपला, पण पायात राहतच नाहीत. सोमनाथ जाऊन घेऊन आले.  परतीच्या वाटेवर एकदा त्यांनी विचारलं, "खडी टोचली नाही तुला?"

मी म्हटलं, "रागात काय टोचतंय?"

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

अंजलीचं लग्न होतं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. तिच्या आईलाही मीच नटवलं होतं, तिच्या लग्नात. त्यामुळे नवरीला हात फक्त माझाच लागणार, हे ठरलेलं. केस पूजाने केले. डोळे मी घेतले. आयलायनरची रेघ, जी मी डोळे मिटून काढते, ती काढायला गेले आणि ब्रश पापणीवरून घसरून गालावर गेला. पुसलं. पुन्हा काढली. पुन्हा वाकडी. माझी बोटं ब्रश धरून होती, पण धरलाय असं मला वाटतच नव्हतं, जशी दुसऱ्या कुणाची तरी बोटं. अंजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर भटजी घाई करत होते.

पूजाने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. सगळ्यांसमोर. "ताई, तुम्ही बसा जरा." आणि चार मिनिटांत दोन्ही डोळे करून दिले.

पार्लरवर परत आलो, शटर अर्धं ओढलं, आणि मी तिला जे बोलायचं ते सगळं बोलले. कॉलेज रोडचं, गिऱ्हाइकांचं, माझ्यामागे चाललेल्या कारस्थानाचं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"कॉलेज रोडवाल्यांना मी दिवाळीतच नाही म्हणून सांगितलंय."

"का?"

"तुमचा हात चालत नाहीये म्हणून."

मी हात पदराआड घेतला.

"तुम्ही जेवायला जाता तेव्हा बायका परत येतात, ताई. एक भुवई बारीक, एक जाड. मी नीट करून देते. कुणी तुम्हाला सांगू नये म्हणून पैसे घेत नाही."

"किती जणींची केलीस?"

"मोजलं नाही."

"मला सांगता येत नव्हतं?"

"तुम्हाला?" पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दोरा खराब आहे!"

१ डिसेंबर, रविवार

दोन दिवस मी पूजाचं म्हणणं डोक्यातून काढायला बघतेय. ती वाढवून सांगतेय, असंच वाटत होतं. मग आज दुपारी पार्लर बंद असताना सोमनाथना घेऊन गेले. इतक्या वर्षांत त्यांनी पार्लरची पायरी चढली नव्हती, गिऱ्हाइकं अवघडतात म्हणून. खुर्ची दाखवून म्हटलं, "बसा."

"मी?"

"भुवया करायच्यात."

"माझ्या?"

"आणखी कोण आहे इथे?"

बसले बिचारे. डोकं मागे टेकवून डोळे मिटले. फुलबाजारात पहाटेपासून उभा राहणारा माणूस, भुवया म्हणजे नुसतं रान. मी नवा दोरा घेतला, टोक दातात धरलं, पीळ घातला. उजेड चांगला होता. घाई नव्हती. बोलणारं कुणी नव्हतं. मनात म्हटलं, आता बघू कुणाचा हात चालत नाही.

पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. मग वाकताना तो झटका बसला, आणि बोटांतला दोरा सुटला की आवळला तेच कळेना. बघते तर भुवईच्या मधोमध एक चट्टा साफ, त्याखाली कातडी सोललेली, आणि रक्त कानाकडे निघालेलं. सोमनाथ हलले नाहीत. दुखलं असणारच, मला माहीत आहे किती दुखतं ते. डोळे न उघडता म्हणाले,

"झालं का? चांगलं झालंय."

मला त्यांचा इतका राग आला की दोरा फेकून दिला. "आरशात तरी बघा! चांगलं म्हणे!" त्यांनी आरशात बघितलं, रुमालाने रक्त टिपलं आणि म्हणाले, "रोहिणी, तू कपाला दोष दिलास, चपलेला दिलास, मोतीरामला दिलास. आता माझ्या भुवईला देणार आहेस का?"

मला रडू आलं. रागाचंच.

उद्या जाऊ म्हटलं, दवाखान्यात. त्यांनी शटर ओढलं. मला ते हल्ली एका हाताने ओढता येत नाही, हेही आजच लक्षात आलं.

३ डिसेंबर, मंगळवार

काल आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तिथूनच मणक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. मला म्हणाले, "मुंग्या आल्या की या म्हटलं होतं ना?" सगळ्यांना मला टोकायचंच आहे.

मणक्याचे डॉक्टर म्हणजे सायलीपेक्षा थोडा मोठा मुलगा. मी मान दाखवायला गेले तर मानेला हातच लावीना. मुठी भरभर उघड-मीट करायला लावल्या. मला वाटलं, मी भरभरच करतेय, पण तो मान हलवत होता. मधल्या बोटाचं टोक टिचकीने उडवलं तर माझा अंगठा आपोआप आत वळला. मग फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. सोपं काम. दोन पावलं गेले आणि सोमनाथनी धरलं नसतं तर टेबलावर पडले असते.

"चप्पल पायातून सुटते?" त्याने विचारलं. "बटणं लावायला वेळ लागतो? मान वाकवली की पाठीतून करंट जातो? लघवीला घाई होते?"

शेवटचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सोमनाथनाही नाही.

मोतीरामने भिंत फोडायची बाकी ठेवली होती, आणि करंट माझ्याच पाठीत होता.

मी दिंडोरीच्या माणसाचं सांगितलं तेव्हा लिहिता लिहिता त्याचा हात थांबला. "मान मोडून घेतलीत?"

"नाही. एकाने नंबर मोडला, म्हणून मी भांडून निघून आले."

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं झालं भांडलात."

सोमनाथनी विचारलं, "मोडून घेतली असती तर?"

"तर कदाचित आज चालत आल्या नसत्या."

 उद्या एमआरआय.

५ डिसेंबर, गुरुवार

फोटो बघितला. मणक्यांच्या मधून मज्जारज्जू खाली जाते, हातापायांचे सगळे निरोप तिच्यातून जातात. माझ्या मानेतल्या दोन गाद्या झिजून मागे सरकल्यात आणि तिथे ती चिमटलीय. पाण्याच्या पाइपवर पाय ठेवावा तशी. दुखणं मानेत, पण पाणी पोचत नाही ते बोटांपर्यंत, तळव्यांपर्यंत. इतके दिवस मी नळालाच शिव्या घालत होते.

मी विचारलं, "वाकून काम केल्याने झालं का हे?"

"एकट्या त्यानेच झालं असं म्हणता येणार नाही. झीज वयाने होतेच, काहींची घडणच अरुंद असते. पण इतकी वर्षं रोज मान वाकवून हिसके दिलेत, त्याने भर पडली असणार."

ऑपरेशन लवकर करायचं. लग्नसराईनंतर केलं तर? तो म्हणाला, "ऑपरेशनने आहे ते टिकतं. गेलेलं परत येईलच असं नाही. त्यामुळे जितके दिवस थांबाल तितकं आणखी जाईल." बोटांचं विचारलं. खोटं बोलला नाही. "बटणं लागतील. दोरा... बघू."

बघू म्हणे. त्या दोऱ्यावर माझं सगळं उभं आहे, आणि हा म्हणतो बघू.

संध्याकाळी नवऱ्यामुलींच्या घरी फोन केले. आठ ठिकाणी तेच सांगितलं, पूजा येईल. सहा घरांतून लगेच, "चालेल की!" जरा तरी विचार करायचा.

९ डिसेंबर, सोमवार

उद्या सकाळी आहे. सायली आलीय. सारखी माझा हात हातात घेऊन बसते आणि सॉरी म्हणते, मोबाइलचं बोलली होती त्याबद्दल. मी म्हटलं, तूही ताठ बस आधी. लगेच ताठ बसली. दोन मिनिटांनी पुन्हा वाकली.

सासूबाईंनी हळद-कुंकू लावलं. म्हणाल्या, "मीच धाडलं व्हतं गं तुला त्या मान मोडणाऱ्याकडं." आणि पदर तोंडाला लावला. मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. फार गैरसोय झाली.

भीती वाटतेय. लिहिलं. डॉक्टरांनी फक्त दुखणं लिहायला सांगितलं होतं.

२३ डिसेंबर, सोमवार

मान पुढून उघडली होती, गळ्यापाशी छोटीशी चीर आहे. सरकलेल्या गाद्या काढून मणके पट्टीने जोडलेत. दुसऱ्या दिवशी चालवलं. झटका बसत नाही. खरंच बसत नाही, मुद्दाम आठवून बघितलं तरी.

पण आवाज गेलाय. काही आठवड्यांत येतो म्हणतात. तोवर घोगरं कुजबुजायचं. भाजीत मीठ नाही, ओटा पुसलेला नाही, सोमनाथ ओले पाय घेऊन घरभर फिरतात, आणि मला ओरडता येत नाही. टाळ्या वाजवते. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "लय शांत वाटतंय घर." ऐकू येतं म्हटलं मला. म्हणजे म्हणता आलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

संक्रांतीला ब्लाउजची हुकं माझी मी लावली. सगळी. वेळ लागला, पण लावली. चप्पल पायात राहते. रात्री उठावं लागत नाही. पित्त गेलं, कारण गोळ्या गेल्या. डोक्याचा ठणका गेला. शरीर बरंचसं परत आलंय.

उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं मात्र अजून रबरी हातमोजा घातल्यासारखी आहेत. आज लपून दोऱ्याचं रीळ काढलं. पीळ बसला. पण पीळ कुठे आहे ते बोटांना कळलं नाही, डोळ्यांनी बघावं लागलं. रीळ परत ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. यात कुणाची चूक काढावी तेच कळत नाही, आणि हा सगळ्यात मोठा वैताग आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिल्यांदा पार्लरवर गेले. गळ्याला पट्टा, त्यामुळे ताठ, वरातीतल्या नवरदेवासारखी. पूजाने सगळं चोख ठेवलंय. ऑपरेशनआधी तिला भागीदार हो म्हटलं होतं, तेव्हा "बघू" म्हणाली होती. आज पुन्हा विचारलं. "ताई, तुम्ही काम करणार का?" तिने उलट विचारलं. मी म्हटलं, "केस करीन, हिशेब बघीन, मुलींना शिकवीन. दोरा नाही."

पहिल्यांदाच मोठ्याने बोलले ते. वाटलं होतं तितकं घर कोसळलं नाही. पूजा हो म्हणाली.

मग तिने माझ्याकडे बघून हसायला सुरुवात केली. "भुवया बघा तुमच्या!" दोन महिन्यांत माझ्याही सोमनाथसारख्या झाल्या होत्या. आजवर त्या मीच करत आले, आरशात बघून. आज खुर्चीत बसले. पंचवीस वर्षांत या खुर्चीत मी कधी गिऱ्हाईक म्हणून बसले नव्हते. डोकं मागे टेकवलं, पूजाने दोरा दातात धरला आणि वाकली.

बायका डोळे मिटतात. मी मिटले नाहीत. माझ्या बरोबर वर तिचा गळा होता. प्रत्येक ओढीला मानेची शीर ताणली जात होती, खांदे कानाला टेकले होते, आणि डोकं पुढे-मागे, पुढे-मागे, न थांबता. तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं. ती फक्त माझी भुवई बघत होती, सगळं लक्ष लावून, जशी मी बघायचे.

"थांब," मी म्हटलं.

"लागलं का?"

"नाही. तुझी मान दुखते?"

"सीझनमध्ये कुणाची दुखत नाही?" आणि पुन्हा वाकायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. माझ्या बोटांना तिची कातडी नीट लागली नाही, पण पकड घट्ट होती.

"हाताला मुंग्या येतात?"

तिने दोरा दातातून सोडला. नुसती बघत राहिली.

मी उठून बसले. एक भुवई झाली होती, दुसरी तशीच होती. म्हटलं, "पर्स घे. डॉक्टर एकपर्यंत असतात."

"ताई, अहो, दुसरी तरी करू द्या! अशा कुठे जाणार तुम्ही बाहेर?"

"अशीच," मी म्हटलं, आणि शटर ओढायला घेतलं. ते अजूनही मला एका हाताने ओढवत नाही. तिने दुसरी बाजू धरली, आणि आम्ही दोघींनी मिळून ते खाली आणलं.